गेरू लावलेलं झाड

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
५ जानेवारी २०२४

प्रिय रेणू,

सिस्टर फिलोमिनाचा नियम पाळून आधी चांगली बातमी. तुझे तिळाचे लाडू पोचले आणि त्यातला एकही फुटलेला नाही. तुला आठवतं ना, पहिल्या परिच्छेदात वाईट बातमी लिहिणारी मुलगी म्हणजे दार न ठोठावता आत शिरणारी मुलगी, असं ती म्हणायची. अमरावतीचं ते बोर्डिंग सोडून इतकी वर्षं झाली, पण कागद पुढे घेतला की अजून पाठ ताठ होते.

आता दुसरा परिच्छेद. ह्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. बोलण्यात एकच शब्द उरलाय, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. सकाळी कांचनबेन येतात म्हणून माझी आंघोळ तरी होते. गॅरेजमध्ये गाडी होती तिथे आता डायपरचे खोके आहेत. तू विचारतेस, फोन का करत नाहीस? अगं, घर केवढंसं, आणि कान ह्यांचे शाबूत. आमच्या अनीशचं नाव ऐकलं की ‘बरं, बरं, बरं’ करत रडायला लागतात आणि मग थांबत नाहीत. पत्राला आवाज नसतो.

सोबत पुडी आहे. घाबरू नकोस, गेरू आहे. भाचा अमरावतीहून घेऊन आला. चौदा तारखेला तू अनीशच्या झाडापाशी जाशील तेव्हा लाव. आमच्या क्वार्टर्समध्ये बाबा दर दिवाळीला सगळ्या झाडांना लावायचे, तू पाहिलंयस. बुंध्यापासून कमरेपर्यंत गेरू आणि वर चार बोटं चुन्याचा पट्टा. बाबा म्हणायचे, गेरू लावलेलं झाड म्हणजे धनी असलेलं झाड. जळण गोळा करणाऱ्या बायकाही त्याला हात लावत नसत. आपण अनीशची राख तिथे गुपचूप ठेवली. पाटी लावता येत नाही, नाव कोरता येत नाही. त्या हजारो झाडांत ते कुणाचं तरी आहे, हे निदान दिसू दे. गेरूत काहीतरी चिकट घाल, नाहीतर पहिल्या पावसात वाहून जाईल.

तुझी,
शोभना

*

लफ्किनजवळ, टेक्सस
१७ जानेवारी २०२४

प्रिय शोभना,

झाड लाल झालं, आणि काय शोभतंय! फोटो सोबत ठेवलाय.

देवदत्त बादली धरून उभा होता आणि सारखा रस्त्याकडे बघत होता. “सरकारी जंगलात झाडं रंगवताना कोणी पकडलं तर काय सांगायचं?” मी म्हटलं, “सांग, बायको आर्टिस्ट आहे.” “मग अजूनच पकडतील,” म्हणे. गेरूत मी वूड ग्लू कालवला. आता वादळ आलं तरी हलायचा नाही. चुन्याचा पट्टा मात्र राहिला. दुकानात चाळीस पौंडांची गोणीच मिळत होती, चार बोटांसाठी ती कुठे आणू? सिस्टरने अर्धे मार्क कापले असते.

तू एकदाच आलीस आणि तेव्हा आपल्याला डोळे वर करून बघायचं भान नव्हतं. म्हणून सांगते. गाडीतून जाताना ते जंगल कंगव्यासारखं दिसतं. एक ओळ उघडते, आत लांबवर सरळ बोळ दिसतो, मिटते, की दुसरी उघडते. अनीश झाडांच्या कामासाठी माझ्याकडे राहायला आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, “मावशी, हे जंगल नाहीये, शेत आहे. फक्त पीक हळू येतं.” त्याचं झाड ज्या ओळीत आहे ती शहाण्णव साली लावलेली, त्याच्याच जन्माची. तिथे टेप घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “ही सगळी माझ्या वर्गातली पोरं.”

देवदत्तने मुद्दाम लिहायला सांगितलंय की तुझ्या गॅरेजातल्या त्या खोक्यांत जो कापूस असतो, तो कापूस नव्हेच. इकडच्या पाइनचा लगदा असतो. धागा लांब, पाणी धरून ठेवतो. त्याच्या गिरणीत तेच बनतं. मी म्हटलं, हे काय पत्रात लिहायचं? तर म्हणे, शोभना केमिस्ट्रीत पहिली यायची, तिला आवडेल.

शशिकांतरावांना नमस्कार. त्यांना म्हणावं, लवकर दुसरा शब्द शिका.

तुझी,
रेणू

*

वेस्ट विंडसर
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय रेणू,

फोटो पोळपाटाखाली ठेवलाय. तिथे ह्यांची नजर जात नाही आणि मी रोज पोळ्या करते. बाबा असते तर म्हणाले असते, रेघ सरळ नाही. पण मला फार बरं वाटलं गं. डोळे मिटले की आधी नुसते काळपट बुंधेच दिसायचे, एकसारखे. आता त्यात एक लाल दिसतो.

ते डायपरचं वाचून मी खरंच हसले. कांचनबेनना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग झाडावरच लिहायला हवं, “तो पछी झाड पर लखाय ने, साइझ लार्ज.” देवदत्तला सांग, आवडलं.

एक मागते. ते जंगल कोणी लावलं, का लावलं, हे अनीश मला रविवारी फोनवर तास तास सांगायचा. मी फोन स्पीकरवर टाकून भाजी परतायची. “हो का? अस्सं?” म्हणायची. आता ऐकायला वेळ आहे, तर सांगणारा नाही. तुझ्या लायब्ररीत बसतेस ना आठवड्यातून दोनदा? शोधून लिही मला.

आणि दुसरं. राख ठेवली त्या दिवशी हे गाडीतून उतरले नव्हते, आठवतं? आपण तिघं आत गेलो आणि हे काच वर करून बसून राहिले. “मी नाही बघणार” एवढंच म्हणाले. नंतर तीन महिन्यांत स्ट्रोक आला. मला ह्यांना एकदा त्या झाडापाशी न्यायचंय रेणू. व्हीलचेअरवर का होईना. लेकाच्या झाडाला बापाचा एकदा हात लागू दे. एवढं झालं की मग माझं काही मागणं नाही.

तुझी,
शोभना

*

लफ्किनजवळ
२२ एप्रिल २०२४

प्रिय शोभना,

रस्त्याच्या कडेला ब्लूबॉनेट फुलून गेले. यंदा हिवाळा सौम्य होता. माझी तब्येत ठीक.

तू मागितलेला इतिहास शोधला. दीडशे वर्षांपूर्वी इथे खरं जंगल होतं, कोणी न लावलेलं. दोन माणसांनी मिळून कवेत घ्यावेत असे पाइन. मग रेल्वे आली, तिच्यामागे लाकडाच्या गिरण्या आल्या. तीसेक वर्षांत सगळं कापलं. गिरणीभोवती गाव वसायचं, शाळा, चर्च, दुकान, आणि झाडं संपली की गिरणी यंत्रं उचलून पुढे निघून जायची. मागे नुसती थोटकं. लायब्ररीत एक फोटो आहे, क्षितिजापर्यंत थोटकंच थोटकं आणि मध्ये एक कुत्रा.

एकोणीसशे तीसच्या मंदीत सरकारने बेकार पोरांच्या छावण्या काढल्या आणि त्यांच्याकडून हे लावून घेतलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. खांद्याला ओल्या रोपांची पिशवी, एकजण पहारीने फट पाडणार, दुसरा रोप घालून टाचेने दाबणार, की पुढे. काळ्या मुलांची छावणी वेगळी, गावापासून लांब. गोऱ्यांच्या फोटोखाली सगळ्यांची नावं आहेत. ह्या मुलांच्या फोटोखाली नुसतं ‘रोपं लावणारे’ असं लिहिलंय.

त्यांनी लावलेलं तरी आज कुठे आहे? ते वाढलं, कापलं, पुन्हा लावलं. मधे एकदा किड्याने मैलच्या मैल खाल्ले. आता रोपं लावायला ग्वातेमालाची माणसं येतात, हिवाळ्यापुरता व्हिसा घेऊन. रोपामागे मजुरी. व्हिसा संपायच्या आत परत. देवदत्त म्हणाला, “आपण पण असेच आलो होतो, फक्त पहार नव्हती.”

वाचता वाचता वाटत राहिलं, इथलं प्रत्येक झाड कापायच्या तारखेसाठीच लावलेलं असतं. आपल्यालाच ते कळत नाही.

लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली. थांबते.

तुझी,
रेणू

*

वेस्ट विंडसर
१० जून २०२४

प्रिय रेणू,

पत्र फार सुंदर. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात गिरण्या आहेत, मंदी आहे, कुत्रासुद्धा आहे, पण माझ्या झाडाबद्दल एक ओळ नाही. मास्तरीणबाई, मूळ प्रश्न सोडून निबंध लिहिल्याबद्दल किती मार्क द्यायचे?

चेष्टा केली गं. पण सांग ना, गेरू टिकलाय का? पाऊस झाला का? एक नवा फोटो पाठव. जुना कणकेने पांढरा झालाय.

इकडे एक झालं. परवा मी ह्यांना पोळपाटाखालून काढून फोटो दाखवला. मनाची तयारी करूनच दाखवला. खूप वेळ बघितलं. रडले नाहीत. डावा हात पुढे केला आणि बोट त्या लाल रंगावर ठेवलं. “बरं,” म्हणाले. एकदाच, आणि विचारल्यासारखं. मी म्हटलं, “हो, जाऊ या. थंडी पडली की जाऊ.”

थेरपिस्ट म्हणते, ऑक्टोबरपर्यंत विमानात बसवता येईल. तू व्हीलचेअरची रस्त्यापासून झाडापर्यंतची वाट बघून ठेव.

तुझी,
शोभना

*

लफ्किनजवळ
१९ जुलै २०२४

प्रिय शोभना,

शशिकांतरावांनी फोटोवर बोट ठेवलं हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. देवदत्तला वाचून दाखवलं.

गेल्या आठवड्यात इथे वादळ झालं. तीन दिवस वीज नव्हती. जंगलातले रस्ते बंद आहेत, झाडं आडवी पडलीत, म्हणून फोटो जमला नाही. पाकिटात थोड्या सुया ठेवल्यात, पाइनच्या. वास घे.

ऑक्टोबरची घाई नको करूस. आतली वाट फार खडबडीत आहे, व्हीलचेअर जाणार नाही. शशिकांतरावांना प्रवास झेपणार नाही गं. डॉक्टरांना नीट विचार.

लायब्ररीत एक नवीन कळलं. त्या गिरण्यांच्या गावांना स्मशानं होती. माणसं गेली, स्मशानं राहिली. लाकडाचे क्रूस कुजले, काही थडग्यांवर नुसते शंखशिंपले रचलेले. पुढे पोरांनी रोपं लावली ती सरळ त्यांच्यावरूनच, दोरी धरून. कोणाला ठाऊकच नव्हतं. जिथे घरं होती तिथे अजून फेब्रुवारीत ओळींच्या मधूनच डॅफोडिल्स उगवतात. कुणीतरी बाईने दारापुढे लावलेले. दार नाही, बाई नाही, आणि फुलं रांगेत उभी. ती लावणारीला वाटलं असेल, पुढच्या लोकांना हे बघून कळेल. कोणाला कळत नाही शोभना. खूण कळायला ती ठेवणारी माणसं लागतात.

वाईट वाटून घेऊ नकोस. मी सध्या असलंच वाचते.

तुझी,
रेणू

*

वेस्ट विंडसर
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय रेणू,

आमच्या रस्त्यावरचे मेपल लाल झाले. बस, तेवढाच पहिला परिच्छेद.

तू मला येऊ नको म्हणालीस. उन्हाळाभर मी त्यावर विचार केला. आधी वाटलं, देवदत्तची तब्येत असेल. मग वाटलं, नाही, रेणूला कंटाळा आलाय. दुसऱ्याच्या मुलाचं झाड किती वर्षं सांभाळायचं कोणी? दोन वर्षं तू त्याला जेवू घातलंस, त्याचे चिखलाचे बूट धुतलेस, ते काय कमी होतं? तुला जमत नसेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. पण मला थडग्यांचे आणि डॅफोडिल्सचे धडे नको देऊस. मी तुझ्याकडे इतिहास मागितला तो अनीशचा आवाज ऐकू यावा म्हणून. तू मला स्मशान पाठवलंस.

आणि त्या सुया. अनीशने मला एकदा शिकवलं होतं, “आई, इकडच्या लॉब्लॉली पाइनला एका देठात तीन सुया असतात. बेलासारख्या. लक्षात ठेव.” तू पाठवलेल्या जोडीजोडीने आहेत. झाडाचं वय झालं की तसं होतं का? मला ठाऊक नाही, म्हणून विचारते.

हे विमानात बसू शकले नाहीत. सप्टेंबरात न्यूमोनिया झाला. आता घरी आहेत. दिवसातून तीनदा डायपर बदलते, कूस वळवते, पुन्हा बदलते. बोट पोळपाटाकडे दाखवतात.

शोभना

*

लफ्किनजवळ
१ नोव्हेंबर २०२४

प्रिय शोभना,

दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या पाठवल्यात, शशिकांतरावांना कुटून दुधातून दे.

कंटाळा नाही गं आला. असं कधी म्हणू नकोस. त्या सुया आमच्या अंगणातल्या झाडाच्या होत्या, वादळानंतर आत जाता आलं नव्हतं. सविस्तर लिहीन. लिहायला बसते आणि उठते.

रेणू

*

वेस्ट विंडसर
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय रेणू,

बर्फ थांबलं. शेजारच्या मुलाने न सांगता आमचा ड्राइव्हवे साफ करून दिला आणि बेल न वाजवता गेला. अशी माणसं असतात.

हे गेल्या मंगळवारी सकाळी गेले. कांचनबेन आणि मी दोघी होतो. मी त्यांना बदलत होते. एका कुशीवर होते, माझा हात पाठीशी होता, आणि श्वास पुढचा आलाच नाही. फार शांत. मी तुला फोन केला नाही कारण माझ्या तोंडून काही निघालं नसतं. फ्यूनरल होममध्ये पुण्याची दोन मुलं आली होती, ह्यांच्या जुन्या ऑफिसातली. त्यांनी मोबाइलवरून वाचून मंत्र म्हटले. चुकत चुकत म्हटले. मला चाललं.

घरात आता मोठ्याने बोलता येतं. अनीशचं नाव घेता येतं. मी काल घेतलं. कोणी रडलं नाही.

रेणू, मी रागाने लिहिलेलं विसरून जा. मी येते आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलंय. ह्यांची राख घेऊन येते. तेव्हा गाडीतून उतरले नाहीत, आता उतरतील. लेकाशेजारी ठेवून देऊ. मला अंगणातलं झाड नको, सुया नको, इतिहास नको. मला फक्त त्या लाल बुंध्यापाशी ने.

तुझी,
शोभना

*

लफ्किनजवळ
२ मार्च २०२५

शोभना,

झाड नाही. गेल्या वर्षी मार्चमध्येच कापलं. मी दार न ठोठावता आत शिरलेय, मला माफ कर. पण हे वाक्य मी गेलं वर्षभर दुसऱ्या परिच्छेदात लिहायचं म्हणून ठेवलं आणि दुसरा परिच्छेद आला की गिरण्यांबद्दल लिहीत बसले.

अकरा मार्चला सहज गेले होते. लांबूनच उजेड दिसला. ओळीत जिथे सावली असायची तिथे ऊन पडलं होतं. बाकीची झाडं उभी, ते नाही. बुंधा नुकताच कापलेला, ओला. चीक येत होता.

इथे दर काही वर्षांनी विरळणी करतात. उरलेल्यांना जागा मिळावी म्हणून काही झाडं काढायची. त्या ओळीची पाळी आली होती. कोणाचा दोष नाही. ते आज ना उद्या जाणारच होतं. राख जमिनीत आहे, ती कोणी नेलेली नाही, एवढं मी रोज स्वतःला सांगते.

शशिकांतरावांनी फोटोवर बोट ठेवलं तेव्हा ते झाड नव्हतं, शोभना. मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू लिहिलंस, “थंडी पडली की जाऊ.” मी कशी लिहिणार होते?

तू ये. तू आलीस तर मी दाराशी उभी आहे. नाही आलीस तरी समजेन.

देवदत्त म्हणतो तुला फोन कर. मी नाही करत. तुझा आवाज ऐकायची हिंमत नाही.

रेणू

*

वेस्ट विंडसर
१६ मार्च २०२५

प्रिय रेणू,

मी येते आहे. चार एप्रिलला दुपारी ह्यूस्टनला उतरेन. ही चांगली बातमी, म्हणून आधी.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी काहीच केलं नाही. भांडीसुद्धा घासली नाहीत. तिसऱ्या दिवशी तुमच्या तिकडच्या जंगलाच्या ऑफिसला फोन लावला. मला त्या ओळीचं नेमकं ठिकाण हवं होतं. आणि खरं सांगायचं तर कोणावर तरी ओरडायचं होतं. टकर नावाच्या बाई होत्या. इतक्या सावकाश आणि प्रेमाने बोलल्या की ओरडणं राहूनच गेलं. मी त्यांना राखेसकट सगळं सांगितलं. त्यांनी कागद काढले आणि म्हणाल्या, “मॅम, त्या भागात ओळीच्या ओळी काढत नाही आम्ही. तिथे एकेक झाड निवडून रंग लावतो. छातीशी एक पट्टा आणि खाली मुळाशी. कापल्यावर थोटकावर रंग दिसला पाहिजे, म्हणजे चुकीचं कापलं नाही हे कळतं. रंग असेल तेच कापतात.”

मी विचारलं, “कुठला रंग?”

“लाल-नारिंगी, मॅम.” मग म्हणाल्या, “ते एक झाड माझ्या लक्षात आहे. त्याचा रंग विटकरी होता, आणि भरपूर फासलेला. आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, तुमचा माणूस नवीन आहे वाटतं.”

रेणू, माझे बाबा ज्यासाठी गेरू लावायचे, त्यासाठीच मी पाठवला होता. कोणी हात लावू नये म्हणून.

तू ते थोटूक पाहिलंस तेव्हा त्यावर गेरू दिसला असणार. तुला त्याच दिवशी कळलं असणार. आणि तरी तू लिहिलंस, त्या ओळीची पाळी आली होती. कोणाचा दोष नाही. वर्षभर तू एकटी ते घेऊन लायब्ररीत बसलीस, आणि मी तुला मार्क देत होते. तू चुना लावला असतास तर कापणारे थबकले असते, असंही तुझ्या मनात आलं असेल. मी तुला ओळखते. ते काढून टाक. चाळीस पौंडांची गोणी चार बोटांसाठी कोणी आणत नाही.

मला आता थोटकाचीच ओढ लागलीय. त्याच्या शेजारी नवं रोप वगैरे लावून ठेवू नकोस, देवदत्तला तेवढं सांग. तो उत्साहात करायचा. रोपं लावणारी माणसं येतील, त्यांचं ते काम आहे. आपण फक्त बसू. टकरबाई म्हणाल्या, राख ठेवायला त्यांची हरकत नाही, त्या स्वतः वाट दाखवायला येतील. आणि त्या म्हणाल्या, तीस वर्षांच्या झाडाचं थोटूक बसायला पुरेसं रुंद असतं.

शेवटचं एक लिहिते, मग कधी बोलायचं नाही. देवदत्तलाही विचारायचं नाही.

मी टकरबाईंना विचारलं की त्या मार्चमध्ये कापलेली झाडं कुठे गेली. त्या म्हणाल्या, सगळी लगद्याच्या गिरणीत. मी फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये गेले. शेवटचा एक खोका उरलाय, दान करायला काढून ठेवलेला. एक डायपर उलगडून त्याचा पापुद्रा फाडला. आत तो लगदा, पांढरा, मऊ, हाताला थंड. तुझ्या जानेवारीच्या पत्रात होता तसाच. मी त्याला नाक लावलं. वास कसलाच आला नाही.

केमिस्ट्रीत मी पहिली यायची, मला हिशेब कळतो. हजारो टन लगदा, एक झाड, शक्यता जवळजवळ शून्य. पण पूर्ण शून्य नाही रेणू. त्या मंगळवारी हे गेले तेव्हा माझा हात पाठीशी होता. अंगाशी कोण होतं, ते मी माझ्यापुरतं ठरवलंय.

खोका दान करणार नाही. त्यातला एक घेऊन येते. ह्यांच्या राखेभोवती तोच गुंडाळणार आहे.

तुझी,
शोभना